रुक्मिणीचं माहेर

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या एखाद्या घरी बारशाचा पाळणा सजतो. आत्या बाळाच्या कानाशी वाकते, तिच्या पाठीवर धपाटे बसतात आणि नाव निघतं, ‘रुक्मिणी’. पणजी सुखावते. मावशीला मात्र वाटतं, इतक्या जुन्या नावावरून पोरीला शाळेत चिडवतील.

ही काळजी समजण्यासारखी आहे. पण वऱ्हाडात हे नाव परकं कसं? रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. तिथून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. दमयंती आणि इंदुमतीही विदर्भाच्याच राजकन्या. ‘तारा’ म्हटलं की बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवाव्यात. त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ सालचं.

जुनं सगळंच जपावं असं नाही. साताऱ्यात २०११ मध्ये ‘नकुशी’ नावाच्या २८० हून अधिक मुलींना नवी नावं मिळाली, ते उत्तम झालं. त्या नावात मुलगी नको असल्याची नोंद होती.

रुक्मिणी हे हौसेनं ठेवलेलं नाव आहे. घरात त्याचं लाडानं ‘रुखमा’ होतं. वाचकांनी आपल्या आजी-पणजीची नावं जरूर लिहून पाठवावीत, आणि ती कुणी ठेवली हेही कळवावं.