भाऊंची रायफल

गावी गेलो होतो. माळा साफ करताना जुन्या चटयांच्या मागे एक लांब गज सापडला. टोकाला पितळी ब्रश, त्याला अजून काळपट तेल लागलेलं. पुतण्याने विचारलं, "काका, हे कशाचं?" मी म्हटलं, "बंदूक साफ करायचा गज." पुढचा प्रश्न येणारच होता. "मग बंदूक कुठाय?"

बंदूक मी विकली. २०१० साली, सात हजार रुपयांना. आमच्या नातेवाइकांपैकी अर्ध्यांना हे माहीत आहे आणि त्यातल्या निम्म्यांनी मला कधीतरी त्यावरून ऐकवलंही आहे. आज एकदाचं सगळं लिहून टाकतो.

घरात सगळे तिला रायफल म्हणत, पण ती रायफल नव्हतीच. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात, हिची नळी गुळगुळीत. बारा बोअरची एकनळी, बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीची. बारा बोअर म्हणजे त्या नळीच्या व्यासाचे शिशाचे गोळे केले तर एका पौंडात बारा बसतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पण तिची यंत्रणा मात्र मार्टिनी रायफलीची, म्हणजे ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीची. खालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा खाली सरके, काडतूस आत ढकलायचं, लिव्हर परत वर, की बंदूक तयार. म्हणून आजोबा तिला रायफल म्हणत असावेत. आजोबांनी ती स्वातंत्र्याआधी घेतली आणि ते गेल्यावर परवाना भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर झाला. परवान्याच्या जुन्या पुस्तकावर रत्नागिरी जिल्ह्याचा शिक्का होता, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झालाच मुळी १९८१ मध्ये.

भाऊंनी त्या बंदुकीने शिकार केल्याचं मला आठवत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा ते चाळिशीत होते आणि त्यानंतर तो विषय संपला. पण वाडीत कोणाच्या भातात डुकरं शिरली किंवा नारळावर माकडं आली की पोरं धावत आमच्या खळ्यात यायची. "भाऊंनू, माकडां इली!" मग भाऊ सदरा चढवून निघत. हवेत एक बार काढत. माकडं समोरच्या रायवळावर जाऊन बसत आणि तासाभराने परत येत. उपयोग किती व्हायचा ते देव जाणे. पण बोलावणं भाऊंनाच यायचं.

आता माझी बाजू. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. २००९ साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. म्हणजे एकाच वर्षात चार खेपा, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, गोणपाटात गुंडाळलेली बंदूक आणि एस.टी. त्यात परवान्याचं नूतनीकरण, त्यासाठी ओरोसला हेलपाटे. डोळ्यांत मोतीबिंदू. मी पुण्याहून फोनवर हे सगळं ऐकायचो आणि चिडायचो. शेवटी मेच्या सुट्टीत गेलो तेव्हा म्हटलं, "भाऊ, आता पुरे. विकून टाकू."

ते म्हणाले, "तुका बरा वाटता तसा कर."

मी याला होकार समजलो. पुढची तीन-चार कामं मी झपाट्याने उरकली. परवानाधारक विक्रेता शोधला, कागद केले, बंदूक दिली, परवाना जमा केला. सुटलो बुवा, असं वाटलं. भाऊंच्या हातात पैसे ठेवले, ते त्यांनी न मोजता आईकडे दिले.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गावी नव्हतो. आईने नंतर सांगितलं. दरवर्षी कोयता, विळा, कुदळ, पहार आणि मध्ये बंदूक अशी मांडणी असायची. त्या वर्षी भाऊंनी बंदुकीच्या जागी हा गज ठेवला. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि कोणाशी काही न बोलता उठले. २०१३ मध्ये ते गेले, तोवर दरवर्षी तेच. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत.

चुलतभाऊ मात्र बोलला. तो गावातच असतो, शेती करतो. "माका एकदा इचारूचा तरी होता." खरंच, मी त्याला विचारलंच नव्हतं. बंदूक वारसाच्या नावावर होऊ शकते हे मला माहीत नव्हतं असंही नाही, भाऊंकडे ती तशीच तर आली होती. २०१६ च्या शस्त्र नियमांत तर हे स्पष्ट लिहिलं आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना देता येतो. त्याआधी काय सोय होती याची मी चौकशीसुद्धा केली नाही. पुतण्याला वारस धरतात का, सख्ख्या मुलालाच द्यावी लागते का, काही काही विचारलं नाही. मला काम संपवायचं होतं.

दुसरं कपाट विकलं असतं तर दुप्पट पैसे देऊन परत आणलं असतं. बंदुकीचं तसं नाही. २०१४ मध्ये मी त्या दुकानात गेलो होतो. ती कधीच दुसर्‍या जिल्ह्यात गेली होती. आणि समजा असती तरी पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणार्‍या माणसाला परवाना कोणत्या कारणासाठी मागता येणार होता?

गैरसमज नको. घरोघरी बंदुका असाव्यात असं माझं मत नाही. २०१९ मध्ये कायद्याने एका माणसाकडची शस्त्रं तीनावरून दोनावर आणली, ते मला योग्यच वाटतं. बंदूक असती तर आमच्या वाडीतली माकडं गेली असती असंही नाही. चुलतभावाने दोन कुणगे पड टाकलेत, ते बंदूक असती तरी टाकलेच असते. एक ना एक दिवस ती घरातून जाणारच होती.

पण ती मी कधी आणि कशी घालवली, याचं वाईट वाटतं. मला वाटलं मी भाऊंचा त्रास कमी करतोय. खरं तर त्रास माझा होता, फोनवर ऐकायचा. चार खेपांबद्दल ते कुरकुरायचे, पण त्या खेपांत ठाण्यातला हवालदार त्यांना खुर्ची द्यायचा, बाजारात दोन माणसं भेटायची. बंदूक गेल्यावर वाडीतली पोरं खळ्यात यायची बंद झाली. माकडं येतच होती, भाऊंना कोणी हाक मारत नव्हतं.

म्हणून माझ्या वयाच्या सगळ्या भावाबहिणींना एवढंच सांगणं आहे. म्हातार्‍या माणसाची वस्तू, बंदूक असो, सायकल असो की शिवणाचं मशीन, त्याच्या सोयीसाठी म्हणून विकायला निघालात तर आधी ती सोय नक्की कोणाची ते बघा. आणि "तुला बरं वाटतं तसं कर" हे उत्तर आलं तर थांबा. तो होकार नसतो. आपल्यावर अवलंबून असलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

गज मी पुसून चुलतभावाकडे दिला. खंडेनवमीला तो ठेवेल मांडणीत. पुतण्याला सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजोबांना विचारायचं ना नीट." दहा वर्षांच्या पोराला कळतं ते मला तेव्हा कळलं नाही. असो.