उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर

मार्च-एप्रिलमध्ये बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नेहमीचा आहे. सत्तरावी-ऐंशीवी उत्तरपत्रिका हातात येते तोवर डोळे थकलेले असतात. तेच प्रश्न, त्याच चुका, तेच अक्षर. मध्येच एखाद्या विद्यार्थ्याने एक पान कोरे सोडलेले दिसले की बरे वाटते. तेवढेच एक पान वाचायचे वाचले!

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना १९३० च्या सुमारास असेच एक कोरे पान मिळाले. उन्हाळ्याच्या दिवसांत ते शालान्त परीक्षेचे पेपर तपासत होते. कंटाळलेल्या हाताने त्यांनी त्या पानावर एक वाक्य लिहिले. जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या एका हॉबिटविषयीचे ते वाक्य होते. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा खुद्द लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हते. त्या एका वाक्यातून पुढे दोन पुस्तके झाली, ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. आपल्या घरातल्या मुलांनी त्यांवरचे सिनेमे पाहिले असतील. पुस्तके लिहिणाऱ्याचे नाव जे. आर. आर. टोल्कीन.

अद्भुतकथा हे परदेशी खूळ आहे, असे कुणी समजू नये. अमीर हम्जाची दास्तान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापले. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. मात्र त्या दास्तानगोंच्या घरातले दिवस कसे जात, लिहायला वेळ कसा मिळे, हे आपल्यापर्यंत फारसे पोहोचलेले नाही. टोल्कीन यांच्याबाबतीत ते पोहोचले आहे. त्यांची पत्रे छापली गेली, चरित्र लिहिले गेले. म्हणून या महिन्यात त्यांच्याविषयी. पुस्तकातल्या जादूविषयी नाही, तर ते पुस्तक ज्या घरात तयार झाले, त्या घराविषयी.

टोल्कीन चार वर्षांचे असताना वडील गेले, बारा वर्षांचे असताना आई गेली. यतीम मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला आणि १९२५ साली ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजी भाषेचा प्राध्यापक झाला. घरी पत्नी एडिथ आणि चार मुले. प्राध्यापक म्हटले की आपल्याला सुखवस्तू माणूस डोळ्यांसमोर येतो. पण चार मुलांचे शिक्षण आणि डॉक्टरांची बिले पगारात भागत नव्हती. म्हणूनच तर उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या शाळांचे पेपर तपासायचे.

चरित्रकाराने त्यांचा एक दिवस रंगवला आहे, तो आपल्या घरांना ओळखीचा वाटेल. पहाटे मुलांना सायकलवर घेऊन प्रार्थनेला जायचे. परत येऊन नाश्ता, मग व्याख्याने, विद्यार्थी, बैठका. दुपारी जेवायला घरी. संध्याकाळी मुलांबरोबर. रात्री पत्नी झोपायला गेली, घर शांत झाले, की अभ्यासिकेत शेगडीजवळ बसून लिहायचे. एक-दोन वाजेपर्यंत. सकाळी पुन्हा लवकर उठायचे. लेखकाला वेळ असतो म्हणून तो लिहितो, असे आपण समजतो. टोल्कीन यांच्याकडे वेळ नव्हताच. झोपेतून काढलेला वेळ होता.

‘द हॉबिट’ ही आधी घरातल्या मुलांना सांगितलेली गोष्ट होती. टाइप केलेली प्रत मित्रमंडळींत फिरत फिरत १९३६ साली लंडनच्या अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेत पोहोचली. मालक स्टॅन्ली अन्विन यांनी काय करावे? मुलांच्या पुस्तकाबद्दल मुलालाच विचारावे, म्हणून त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. लेखी अभिप्रायाचे एक शिलिंग मानधनही ठरले. रेनरने लिहून दिले की पुस्तक चांगले आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा असल्यामुळे तो त्या वयोगटातून बाहेर पडला होता! २१ सप्टेंबर १९३७ रोजी पुस्तक निघाले. पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची. ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपली. चित्रे, नकाशे, वेष्टनसुद्धा टोल्कीन यांनीच काढले होते.

प्रकाशकाने हॉबिटांविषयी आणखी काही मागितले. डिसेंबर १९३७ मध्ये टोल्कीन यांनी कळवले, नव्या गोष्टीचे पहिले प्रकरण लिहून झाले आहे. प्रकाशकाला वाटले असेल, दोनेक वर्षांत पुस्तक हाती येईल. ते लिहून व्हायला १९४९ उजाडले.

मधल्या बारा वर्षांत महायुद्ध झाले. टोल्कीन रात्री हवाई हल्ल्यांच्या पहाऱ्यावर जात. कागदाची टंचाई होती, म्हणून वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मसुदे लिहिले गेले. अनेकदा गोष्ट अडली, महिनोन्‌महिने पुढे सरकली नाही. १९४४ साली तिला पुन्हा गती मिळाली, तीही एका वाचकामुळे. मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. वडील प्रकरण लिहीत आणि मुलाला पोस्टाने पाठवत. मुलगा वाट पाहतो आहे, एवढ्या कारणाने पुढचे प्रकरण होई.

पुस्तक लिहून झाले, पण टाइप कोण करणार? छापल्यावर हजाराहून अधिक पाने भरतील एवढा मजकूर. टाइपिस्टला देण्याइतके पैसे नव्हते. टोल्कीन यांनी ते स्वतःच टाइप केले, दोन बोटांनी. टेबलावर जागा नव्हती, म्हणून माळ्यावरच्या खोलीत पलंगावर बसून. ज्यांनी आपला बी.एड.चा प्रबंध स्वतः टाइप केला आहे, त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

त्यानंतर प्रकाशकाशी बिनसले. टोल्कीन यांना आपले दुसरे एक अपुरे पुस्तकही सोबत छापून हवे होते. अन्विन तयार होईनात. दुसरी एक मोठी संस्था घेते म्हणाली, पण तिथेही काटछाटीच्या अटी आल्या, वर्षे गेली आणि काही झाले नाही. अखेर १९५२ साली साठीच्या प्राध्यापकांनी अन्विन यांच्याच दाराकडे पुन्हा वळायचे ठरवले आणि पत्र लिहिले. आता त्या कचेरीत बसत होता रेनर. एक शिलिंग घेऊन अभिप्राय लिहिणारा तो मुलगा आता सव्वीस वर्षांचा होता. नीट तयार झालेली एकच प्रत होती, ती पोस्टावर सोपवायची कशी? रेनर स्वतः ऑक्सफर्डला जाऊन ती घेऊन आला. त्याने हिशेब केला, पुस्तकात हजार पौंडांपर्यंत तोटा होऊ शकतो. वडील परदेशी होते. त्याने त्यांना कळवले, तोटा होईल, पण हे थोर पुस्तक आहे. वडिलांनी उत्तर दिले, तुला खरोखर तसे वाटत असेल तर हजार पौंड गमावायला हरकत नाही.

मला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. बापाने दहाव्या वर्षी मुलाचे मत विचारले, ते लिहून घेतले, त्याची किंमत दिली. सतराव्या वर्षी नाही, पदवीनंतर नाही. दहाव्या वर्षी. म्हणून सव्विसाव्या वर्षी त्या मुलाला ठाम मत होते आणि बापाला त्यावर भरवसा होता.

करार असा झाला की खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काही मिळणार नाही. त्यानंतरचा नफा निम्मा निम्मा. पुस्तक महाग पडू नये म्हणून तीन खंड केले. प्रत्येकाची किंमत २१ शिलिंग. तिसऱ्या खंडाचे नाव ‘द रिटर्न ऑफ द किंग’ ठरले. टोल्कीन यांना ते पसंत नव्हते, कारण नावातच शेवट फुटत होता. पण प्रकाशकाचे ऐकावे लागले.

मग प्रुफे आली. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी मोठ्या निष्ठेने लेखकाच्या ‘चुका’ सुधारल्या होत्या. बुटक्यांसाठी टोल्कीन यांनी मुद्दाम वेगळे अनेकवचन घडवले होते, छापखान्याने ते शब्दकोशातले केले. भाषेच्या प्राध्यापकाची भाषा दुरुस्त झाली! ती सगळी दुरुस्ती हाताने पुन्हा उलटी करावी लागली. गोष्टीत एक जळका, फाटका, प्राचीन ग्रंथ सापडतो. त्याची पाने टोल्कीन यांनी खरोखरीची वाटावीत अशी तयार केली होती, कडा जाळून, डाग पाडून. रंगीत छपाई परवडत नाही, असे प्रकाशकाने सांगितले आणि ती पाने पुस्तकात आलीच नाहीत.

पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी निघाला, सुमारे तीन हजार प्रतींचा. सहा आठवड्यांत पुन्हा छापावा लागला. दुसरा खंड ११ नोव्हेंबरला आला. त्याच्या शेवटी नायक शत्रूच्या कैदेत सापडतो. आणि तिसरा खंड? परिशिष्टे अपुरी, नकाशा तयार नाही. शब्दसूची देण्याचे वचन दिलेले, ती होईना. कॉलेजची कामे सुरूच. वडिलांच्या कच्च्या आराखड्यांवरून नकाशे पुन्हा नीट काढून दिले ते ख्रिस्तोफरने. वाचकांची चिडलेली पत्रे येत राहिली. तिसरा खंड २० ऑक्टोबर १९५५ रोजी बाहेर पडला. ‘द हॉबिट’ निघाले तेव्हा ख्रिस्तोफर बारा वर्षांचा होता, आता तो तीस वर्षांचा होता.

१९५६ च्या सुरुवातीला नफ्याचा पहिला धनादेश आला. साडेतीन हजार पौंडांहून अधिक. विद्यापीठाच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त. पुढे प्रसिद्धी आली आणि तिचा त्रासही आला. १९६५ साली एका अमेरिकन कंपनीने परवानगीशिवाय स्वस्त आवृत्ती काढली. त्यावर टोल्कीन यांनी काय केले? अमेरिकेतून येणाऱ्या वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना ते लिहू लागले की ही आवृत्ती माझ्या परवानगीची नाही. वाचकांनीच बोलबाला केला आणि त्या कंपनीला अखेर मानधन द्यावे लागले. दुसरीकडे, अमेरिकेतले चाहते घड्याळातला फरक विसरून रात्री तीन वाजता घरी फोन करू लागले. शेवटी १९६८ साली पती-पत्नी ऑक्सफर्ड सोडून समुद्रकाठच्या गावाकडे राहायला गेले आणि तिथला नंबर गुप्त ठेवला.

ती जागा निवडली गेली मुख्यतः एडिथसाठी, आणि तिच्याविषयी न लिहिता हे सदर संपवणे बरे नाही. एडिथसुद्धा यतीम होती. ती पियानो उत्तम वाजवी. पियानोशिक्षिका होता आले असते. लग्नाच्या पहिल्या वर्षी, १९१७ साली, पतीच्या सुरुवातीच्या गोष्टींची स्वच्छ प्रत तिच्या हातची आहे. पुढे मुले झाली, घरे बदलली, आजारपणे आली. ऑक्सफर्डच्या विद्वान मंडळींत ती कधी रमली नाही. रात्री एक वाजेपर्यंत अभ्यासिकेचा दिवा जळत असे, तेव्हा घर शांत असे; ते तसे कुणीतरी ठेवलेले असे. म्हातारपणी समुद्रकाठी तिला मनासारखी माणसे भेटली, आणि पतीने आपली पुस्तके आणि मित्र सोडून तिथे राहायचे मान्य केले. उशिरा का होईना, देणे थोडे फेडले.

आता आपल्या घरांकडे वळू. आठवी-नववीच्या वह्या तपासताना शेवटच्या पानांवर काय काय सापडते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. परीराज्ये, बोलणारे मांजर, समुद्राखालचे शहर. मराठी शाळेतली मुले मध्येच उर्दूचे शब्द घालतात, उर्दू माध्यमाची मुले मराठीचे. मुलांच्या वह्यांतही असते, मुलींच्या वह्यांत अधिक. ‘हे काय लिहीत बसलीस, अभ्यास कर’ असे अम्मी म्हणते, आणि तिचे चुकते असेही नाही. परीक्षा डोक्यावर असते. पण दहावीनंतर ती वही माळ्यावर जाते. लग्नानंतर रद्दीत जाते. मुलाला निदान रात्रीचा दिवा मिळण्याची शक्यता असते. मुलीच्या वाट्याला अनेकदा एडिथचे घर येते, टोल्कीन यांची अभ्यासिका येत नाही.

प्रत्येक वहीचे पुस्तक होणार नाही, हे मलाही कळते. व्हायलाच हवे असेही नाही. पण वरच्या हकिकतीत पुस्तक कशामुळे झाले ते पाहा. एक कोपरा, जिथे रात्री कुणी उठवत नाही. एक वाचक, जो पुढच्या प्रकरणाची वाट पाहतो. आणि एक मोठा माणूस, जो लहान मुलाच्या मताला एक शिलिंग किंमत देतो. यातले काहीही महाग नाही.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एक करून पाहा. मुलीच्या किंवा मुलाच्या वहीतली गोष्ट मागून घ्या, चोरून नको. पूर्ण वाचा. ‘छान आहे’ म्हणून परत देऊ नका. कुठे मजा आली, कुठे कळले नाही, ते सांगा. आणि शेवटी विचारा, पुढे काय होते? त्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यासाठी लागणारा रोजचा अर्धा तास, भांडी कुणाच्या वाट्याला आली तरी, तिला मिळू द्या.