कच्च्या लिंबावरही राज्य येऊ द्या

डिसेंबर उजाडतो, पहाटेच्या गारठ्याला जरा धार येते आणि महिन्याच्या तिसऱ्या दिवशी गावोगावच्या क्रीडा संकुलांत फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढल्या जातात. संयुक्त राष्ट्रांनी 1992 मध्ये 3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन ठरवला. प्रभातफेरी, रंगीत टोप्या, केळी-बिस्किटे आणि मैदानी स्पर्धा यांसह तो आता आपल्या अंगवळणी पडला आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या गटात पन्नास मीटर धावणे असते, जागेवरून उडी असते, सॉफ्टबॉल फेक असते आणि एवढेही ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी बादलीत चेंडू टाकणे असते. शिट्टी वाजते, सहा मुले सुटतात आणि त्यांतला एखादा हमखास शेवटच्या रेषेच्या चार पावले अलीकडे थांबतो. कारण कडेने टाळ्या वाजताहेत आणि टाळ्या वाजल्या की आपणही वाजवायच्या, हे त्याला कोणीतरी मायेने शिकवलेले असते. तो मनापासून टाळ्या वाजवत उभा राहतो. पलीकडे हात पसरून उभ्या असलेल्या बाई त्याच्या घरच्या नावाने हाका मारतात, मैदान ‘पळ, पळ’ म्हणून ओरडते आणि काहीतरी आठवल्यासारखा तो हसत हसत रेषा ओलांडतो.

आपले डोळे भरून येतात. त्यात खोटे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी फक्की वाऱ्यावर उडून जाते, मांडव उतरतो आणि मैदान ज्यांचे होते त्यांच्याकडे परत जाते.

आपल्या अंगणातल्या खेळांत एक जुनी रीत आहे. लपंडाव असो, लगोरी असो की डबा ऐसपैस, आई धाकट्याला सोबत धाडते आणि मोठी पोरे कुरकुरत त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. कच्चा लिंबू बाद होत नाही, सापडला तरी सापडलेला धरत नाहीत आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. रीत प्रेमळ आहे खरी. कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवू नये एवढे शहाणपण तिच्यात आहे. धाकटे भावंड मात्र वर्षा-दोन वर्षांत हट्टाने ते लिंबूपण टाकून देते. ज्याची समज वयाच्या मागून चालते त्याला ते टाकता येत नाही; मिशा फुटतात, केस पिकू लागतात, तरी तो कच्चा लिंबूच राहतो. खेळात असतो, मोजणीत नसतो.

ही मोजणी कशी करावी, याचा विचार साठ वर्षांमागे एका बहिणीने केला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण युनिस श्रायव्हर. युनिस यांची थोरली बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती. युनिसबाईंनी 1962 मध्ये मेरिलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले आणि 20 जुलै 1968 रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले स्पेशल ऑलिम्पिक झाले. अमेरिका आणि कॅनडातून सुमारे हजार खेळाडू आले. भल्यामोठ्या मैदानाचे सज्जे जवळजवळ रिकामे होते.

त्या चळवळीचे दोन नियम आपण मुळातून समजून घ्यावेत असे आहेत. पहिला गटवारीचा: प्राथमिक फेरीतली वेळ आणि वय पाहून जवळपासच्या कुवतीचे खेळाडू एकत्र धावतात, म्हणजे शर्यत खरी होते. दुसरा त्याहून कडक: सोपा गट मिळावा म्हणून प्राथमिक फेरीत रेंगाळणारा अंतिम फेरीत 15 टक्क्यांहून अधिक सुधारला तर बाद होऊ शकतो. या मुलांनाही बाद करता येते! आपल्याला हे निष्ठुर वाटेल. पण तू जीव तोडून खेळशील अशी आमची अपेक्षा आहे, असे कोणाला सांगणे हा केवढा मान आहे.

मोजमापात लबाडी शिरली की काय होते, तेही क्रीडाजगताने पाहिले. सिडनीच्या 2000 च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या बास्केटबॉल संघातल्या बारांपैकी दहा खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच. शिक्षा भोगली ती खऱ्यांनी. 2012 च्या लंडनपर्यंत त्यांना दार बंद राहिले. ते उघडले म्हणून तेलंगणातल्या वारंगळकडच्या दीप्ती जीवनजीला पॅरिसमध्ये 2024 साली 400 मीटरचे कांस्य जिंकता आले. तिला लहानपणी भोवतालच्यांनी हिणवले होते. 2023 मध्ये बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिकमधून आपल्या खेळाडूंनी 202 पदके आणली, त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? प्रश्न वृत्तपत्रांनाही आहे आणि हे लिहिणाऱ्याचीही त्यातून सुटका नाही.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने क्रीडांगणातला सहभाग हा हक्काचा विषय केला आणि महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग जाहीर केला. मात्र विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. काहींना पुढे कार्यशाळा मिळते. बाकीच्यांचा दिवस गॅलरीच्या गजांशी उभे राहून खाली चाललेला खेळ पाहण्यात जातो. ते शिबिराची किंवा सत्काराची वाट पाहत नसतात. स्पेशल ऑलिम्पिकने ‘युनिफाइड’ नावाने मिश्र संघ सुरू केले आहेत, अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच संघात; पण त्यासाठी संस्था, प्रशिक्षक, निधी येईपर्यंत थांबायची आपल्याला गरज नाही.

येत्या रविवारी आवारात संघ पाडाल तेव्हा गॅलरीतल्या त्या दादाला नावाने हाक मारून खाली बोलवा. शेवटची दोन षटके उरल्यावर नको, चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला पाठवा. त्याने काढलेली धाव फळ्यावर लिहा आणि दांडी उडाली तर त्याला बाद द्या.