पालीचा शब्द

रायपूरच्या समता कॉलनीतील एखाद्या मराठी घरात प्रवासाची सिद्धता झालेली असावी, पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार, आणि नेमकी त्याच क्षणी भिंतीवर पाल चुकचुकावी! घरातील वडीलधारे माणूस थबकल्याशिवाय राहत नाही. मराठी भाषेने तर मनातील शंकेलाच पालीचे रूप देऊन टाकले आहे. पंचांगातून पल्लीपतनाची फळेही सांगितलेली असतात. या साऱ्या विचारात पालीला स्वतःला काय म्हणावयाचे असते, हा प्रश्न मात्र सहसा कोणास पडत नाही.

त्याचे उत्तर तिच्या एका थोराड आप्ताकडून अधिक स्पष्टपणे मिळते. ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंत 'टोके' नावाची मोठी पाल आढळते. तिची लांबी फूटभर किंवा त्याहूनही थोडी अधिक भरते. निळसर राखाडी अंगावर नारिंगी ठिपके असतात. रायपूरच्या भिंतींवर ती दिसावयाची नाही. बहुतेक सरडे मुके असतात; या पालीच्या कंठात मात्र स्वरतंतू आहेत. नर आरंभी खुळखुळ्यासारखा आवाज काढतो आणि मग 'टो-के, टो-के' असा घोष कित्येक वेळा करितो. विणीच्या काळात हा घोष वाढतो. मादीला बोलावणे व दुसऱ्या नराला आपल्या हद्दीबाहेर ठेवणे, हाच त्याचा हेतू होय. घराबाहेर पडणाऱ्या मनुष्याशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. समता कॉलनीतील लहान पालीचे चुकचुकणेही याच जातीचे संभाषण आहे.

टोकेचा आहार झुरळे, नाकतोडे, पतंग यांचा. प्रसंगी उंदराचे पिल्लू वा लहान पालही ती सोडीत नाही. तिचा चावा कडक असतो, एकदा धरले की ती लवकर सोडीत नाही. परंतु विष तिच्यात मुळीच नाही. बंगालीत तिला 'तक्षक' म्हणतात. परीक्षिताला दंश करणाऱ्या नागाचे नाव या निर्विष जीवाला मिळावे, हा एक अन्यायच म्हणावयाचा!

अन्याय नावावरच थांबता तर चिंता नव्हती. हिच्या मांसाने एड्स बरा होतो अशी आवई उठली आणि तिची बेसुमार धरपकड सुरू झाली. या कथित उपचाराला आधार नाही, असे फिलिपीन्सच्या आरोग्य विभागाला २०११ साली जाहीर करावे लागले. २०१९ साली वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. एके ठिकाणी पाल विषारी म्हणून मारावयाची, दुसऱ्या ठिकाणी औषधी म्हणून. दोन्हीकडे ऐकीव गोष्टच प्रमाण!

अन्नात पाल पडल्यास ते टाकून द्यावे, हे योग्यच आहे. कारण तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू अन्नात जाऊ शकतात. परंतु तेवढ्यासाठी ताटावर झाकण पुरे. केरसुणी उगारण्याचे कारण नाही. पहिल्या पावसानंतर ओसरीच्या दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची झुंबड उडते, तेव्हा दिव्यामागे दबा धरून बसलेली पाल एकेक किडा टिपीत असते. त्या कामात मध्येच ती चुकचुकली, तर पलीकडच्या भिंतीवर दुसरी पाल आली आहे काय, एवढे पाहावे.