दोन वकील, सहा ठिपके

"माझं मत कसं वाटतं?" असं 'एआय'ला कधी विचारलंय? बहुधा त्यानं तुमची पाठच थोपटली असेल! एप्रिल २०२५ मध्ये तर 'ओपनएआय' कंपनीला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते फारच 'हो'ला 'हो' करू लागलं होतं. अशा भाटाकडून मत तपासून काय उपयोग?

याच कंपनीतल्या संशोधकांनी २०१८ साली एक गंमत केली. हाताने लिहिलेल्या आकड्याचं चित्र घेतलं. न्यायाधीशही एक प्रोग्रॅमच, पण त्याला चित्र दिसत नाही. दोन एआयना मात्र दिसतं. एक म्हणतो, "हा ५." दुसरा मुद्दाम म्हणतो, "छे, ३!" मग दोघं पाळीपाळीनं एकेक ठिपका उघडतात, एकूण सहाच. ठिपके खरेच बरं का, लबाडी फक्त निवडण्यात! कुठलेही सहा ठिपके दाखवले, तर न्यायाधीश शंभरात सुमारे ५९ वेळा बरोबर यायचा. भांडण लावल्यावर ८९ वेळा!

आता तुमची पाळी. 'शाळेत मोबाइल हवा' हे तुमचं मत आहे ना? पण ते तुमचं आहे, हे मुळीच सांगू नका. एका एआयला बाजू मांडू द्या, दुसऱ्याला खोडू द्या. निकाल तुम्ही द्यायचा. मात्र दोघं सारख्याच मजकुरावर पोसलेले असले, तर दोघांची चूकही एकच असू शकते. तेव्हा त्यांनी आकडा फेकला, की तो कुठून आला ते मुळात जाऊन बघा. आणि मत बदललं तर आम्हाला जरूर कळवा!