मेली कोंबडी, आरोपी शेजारीण

परसातील पाच-पंचवीस कोंबड्या एका रात्रीत मेल्या, हा एखाद्या सांस्कृतिक मासिकात चर्चा करण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात उभी राहील. आमच्या मते तो आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हा प्रपंच. माणूस मेला म्हणजे डॉक्टर येतो, दाखला लागतो, क्वचित पंचनामा होतो. कोंबडी मेली तर यातले काहीच होत नाही. खुराड्याच्या दारात उभे राहून घरातील वडीलधारे माणूस एवढेच विचारते, ‘काल तिन्हीसांजेला इकडे कोण आले होते?’ पुढचा सारा अनर्थ या एका प्रश्नात साठवलेला असतो. कारण हा प्रश्न मृत्यूचे कारण विचारीत नाही. तो गुन्हेगाराचे नाव विचारतो. चौकशी सुरू होण्यापूर्वीच आरोपी ठरून जातो.

आणि हा आरोपी कोण असतो? बहुधा एखादी एकटी राहणारी विधवा, मूल नसलेली बाई, किंवा वाड्याच्या कडेला राहणारी, बोलायला फटकळ अशी म्हातारी. ‘तिची दिश्ट वाईट’, ‘तिने काहीतरी केले’, असे कुजबुजले जाते. गावातील धनवान भाटकाराची दृष्ट लागून कोणाचे खुराडे ओस पडल्याचे आम्ही आजवर ऐकलेले नाही. दृष्ट नेहमी दुबळ्याचीच का लागावी? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्याने दिले, त्याला या समजुतीचे खरे स्वरूप कळले. ती भीतीच्या पोटी जन्मते हे खरे. पण ती पोसली जाते ती बळ नसलेल्यावर राग काढण्याच्या सोयीने.

आमच्या पूर्वजांना ही तर्कातील चूक ठाऊक नव्हती असे नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे ठरत नाही. काकतालीय न्याय तो हाच. शेजारीण परसातून गेली आणि सकाळी कोंबड्या मेल्या, यात तिच्या जाण्याचा आणि त्यांच्या मरणाचा संबंध कोणता, हे दाखविण्याचा भार आरोप करणारावर आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते. त्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली, तरी हे तत्त्व जसेच्या तसे राहिले. जो न्याय दहा रुपयांच्या दाव्यात आपण आपल्यासाठी मागतो, तो शेजारणीच्या अब्रूच्या बाबतीत नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता मृत्यूच्या कारणांकडे वळू. कोंबड्या अकस्मात मरतात यात गूढ काहीही नाही; त्या मरू शकतात अशी डझनभर कारणे शास्त्राला ठाऊक आहेत. त्यांत अग्रमान मानमोडीचा. या रोगाची नोंद १९२६ च्या सुमारास इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर झाली, आणि त्यानंतर लवकरच आपल्या हिमालयाच्या पायथ्याकडील रानीखेत येथे तो आढळला. म्हणून आपल्याकडील पशुवैद्य त्याला रानीखेत म्हणतात. हिरवट हगवण, धाप, वाकडी झालेली मान ही त्याची ओळख. परंतु विषाणू जहाल असला म्हणजे यातील एकही लक्षण दिसण्याआधीच पक्षी कोसळतो. लस न टोचलेल्या खुराड्यात क्वचितच कोणी वाचतो. संसर्ग झाल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात. म्हणजे काल संध्याकाळी कोण आले होते हे विचारण्यात अर्थ नसतो. गेल्या आठवड्यात बाजारातून नवे कोंबडे कोणी आणले, हे विचारायला हवे. आणि त्याचे उत्तर पुष्कळदा प्रश्न करणाराच्याच घरात सापडते.

दुसरे कारण कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे. पाश्चरने १८८० च्या सुमारास याच रोगाच्या जंतूंवर प्रयोग करून क्षीण केलेल्या जंतूंच्या लसीचा मार्ग जगाला दाखविला. ज्या रोगातून माणसांच्या लसींचाही रस्ता प्रशस्त झाला, त्याला आपण आजही ‘बाहेरची बाधा’ म्हणावे, याला काय म्हणावे? तिसरे कारण विष: शेतात फवारलेले कीटकनाशक, औषध लावलेले बियाणे, उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या. चौथे, सडलेल्या जनावरातील किडे खाल्ल्याने होणारी विषबाधा, जिच्यात मान लुळी पडते. पाचवे, बुरशी आलेला मका किंवा पेंड. सहावे, वैशाखातील ऊन. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, पत्र्याखालच्या खुराड्यात दुपारी ती धापा टाकून मरते. आणि बर्ड फ्ल्यू. फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे तो भारतात प्रथम आढळला, आणि लक्षावधी पक्षी मारावे लागले. २०२१ साली हरियाणातील एक मुलगा त्याच विषाणूने दिल्लीत मरण पावला; या देशात माणसाचा त्याने घेतलेला हा पहिला ज्ञात बळी.

या कारणांत भेद करता येतो, आणि तो करणे हे कोणाही विवेकी माणसाला कठीण नाही. भरल्या पोटी, काही तासांतच सारे पक्षी गेले तर विषाची शंका घ्यावी. दोन-तीन दिवसांत एकामागून एक गेले तर संसर्गाची. भर दुपारी गेले तर उन्हाची. परंतु शंका म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय शवविच्छेदनाने आणि प्रयोगशाळेने होतो. येथेच आमच्या समाजाची मोठी चूक घडते. मेलेला पक्षी तास-दोन तासांत उन्हात फुगू लागतो. पण घरधनी तो उचलून पशुवैद्यकीय दवाखान्यात न नेता घाड्याकडे धावतो, आणि परत येईपर्यंत पुरावा कुजलेला असतो. शेजाऱ्याने खरोखरच विष घातले असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. पण तो सिद्ध करण्यास कोंबडीच्या पोटातील दाणा लागतो, नारळावरील कुंकू नव्हे. उतारा काढून पक्षी पुरला त्याने आपला पुरावाच पुरला. उलट, पुराव्यावाचून शेजारणीला चेटकीण म्हणणे हीच बदनामी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुराचे दूध आटविते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हा स्पष्टपणे शिक्षेस पात्र गुन्हा ठरविलेला आहे. कर्नाटकानेही २०१७ साली असाच कायदा केला. बेळगावकडील वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे कोणी म्हणेल की आम्ही देवाचा कौल नाकारीत आहो. नाही. कौल-प्रसादाला आमचा विरोध नाही. संकटात सापडलेला माणूस देवापुढे गाऱ्हाणे घालतो, पाकळी कोणत्या बाजूची पडते ते पाहतो, आणि त्याच्या मनाला धीर येतो. हा त्याचा आणि देवाचा व्यवहार. पण ‘हे अमुक बाईने केले काय’ असा कौल लावणे म्हणजे देवाला फिर्यादीच्या पक्षाचा साक्षीदार करणे होय, आणि तोही असा साक्षीदार की ज्याची उलटतपासणी करण्याची मुभा आरोपीला नाही. ज्या राखणदाराला आपण सीमेचा रक्षक म्हणतो, त्याच्या सीमेत ती बाईही राहते. तिचे रक्षण त्याने करू नये काय? देवाच्या नावाने शेजारधर्म मोडणारा माणूस आपली भक्ती दाखवीत नाही, देवाची अप्रतिष्ठा करतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे पाहू. त्याचाही दोष लहान नाही. करणी वगैरे न मानणारा, चार बुके शिकलेला गृहस्थ दोन कोंबड्या मेल्याचे पाहताच उरलेल्या दहा पहाटे टोपलीत घालून आठवड्याच्या बाजारात विकून येतो. मेलेल्या ओढ्यात टाकतो. पहिला अंधश्रद्ध, दुसरा व्यवहारी. पण पहिल्याने एका बाईची अब्रू घेतली तर दुसऱ्याने दहा गावांची खुराडी रिकामी केली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे दोघांनाही ऐकवले पाहिजे. रोग झाकला म्हणजे तो जात नाही, तो पुढच्या बाजारात जातो.

‘सरकारला कळविले तर सगळ्याच कोंबड्या मारतील’ हा या गृहस्थाचा बचाव. त्यात अंशतः तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अशा रोगाची शंका येताच गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळविणे हे पक्ष्यांच्या मालकाचे कर्तव्य आहे. बर्ड फ्ल्यू सिद्ध झाला तर ठराविक परिघातील पक्षी मारले जातात आणि त्यांची भरपाई केंद्र व राज्य निम्मी-निम्मी देतात. पण भरपाई मारलेल्या पक्ष्यांची. आपोआप मेलेल्यांची नव्हे. म्हणजे जो दडवितो तोच बुडतो. तथापि ही भरपाई बाजारभावाच्या मानाने तोकडी असते आणि उशिरा मिळते, अशी गरिबांची तक्रार असते. ती उपेक्षणीय नाही. प्रामाणिकपणा हवा असेल तर त्याची किंमत राज्याने वेळेवर मोजली पाहिजे, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो.

यावर ‘आमच्या घरी कोंबड्याच नाहीत, आमचा काय संबंध?’ असे म्हणणाऱ्या शाकाहारी सज्जनांना एवढेच विचारावेसे वाटते की, तुमच्या देवळाचे अंगण झाडणारी, फुले आणून देणारी, पालखीपुढे दिवटी धरणाऱ्याची बायको कोणाच्या जिवावर मुलाची वही घेते? तिच्या परसातील अंडीच तिचे स्त्रीधन. ते एका रात्रीत गेले तर ती अन्नाला महाग होते; आणि दुसऱ्या कोणाच्या कोंबड्या मेल्या तर तीच आरोपी होते. ती देवळाची आहे, म्हणून हा प्रश्न देवळाचा आहे.

देवस्थान समित्यांनी मनावर घेतले तर हे काम कठीण नाही. पिलांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत थेंब घालण्याची आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचण्याची अशा मानमोडीच्या लसी पशुवैद्यकीय खात्याकडे मिळतात. जत्रेच्या आधी एक दिवस मंडपात पशुवैद्याला बोलावावे. फलकावर चार ओळी लिहाव्या: मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, पिशवीत, बर्फात ठेवून ताबडतोब दवाखान्यात न्यावा, उरलेले पक्षी विकू नयेत, कारण कळेपर्यंत कोणाचे नाव घेऊ नये. यातील शेवटची ओळ आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कारण कोंबडीचा रोग लसीने आटोक्यात येतो. पण एकदा चेटकीण म्हणून बोट दाखविलेल्या बाईच्या दारात मुले खेळायला येईनाशी होतात, तिच्या हातचे पाणी कोणी घेत नाही, आणि प्रयोगशाळेचा कागद महिन्याने आला तरी तो तिच्या दारी कोणी वाचून दाखवीत नाही. तो कागद मंडपात, साऱ्या गावासमक्ष मोठ्याने वाचला जाईल त्या दिवशी आमच्या देवळांनी न्यायाचे आपले जुने काम पुन्हा हाती घेतले, असे आम्ही म्हणू.