वर्गाबाहेर उभा असलेला मुलगा

वर्गात खोड्या करणाऱ्या मुलास ‘बाहेर उभा राहा’ असे फर्मावणे ही आपल्या शाळांतील जुनीच रीत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आणि आठवीपर्यंत कोणाही मुलास शाळेतून काढून टाकण्यास मज्जाव केला. छडी गेली हे योग्यच झाले. परंतु मुलाला शाळेतून काढता येत नसले तरी तासातून काढता येते, आणि या पळवाटेकडे आम्ही डोळेझाक करीत आहोत.

या शिक्षेने साधते काय? ज्याला गणित उमगत नाही म्हणून जो चुळबुळ करतो, त्याला गणिताच्याच तासाला बाहेर घालवले, तर उद्या ते त्याला अधिकच दुर्बोध होणार आणि चुळबुळही वाढणार. ज्याला अभ्यास नकोच आहे, त्याला तर हे बक्षीसच! रोगावर उपचार न करता रोग्यालाच दवाखान्याबाहेर काढण्याचा हा प्रकार आहे.

‘एकाच्या दंग्यापायी इतरांचे नुकसान का?’ हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर दाराबाहेर नाही. मुलाची जागा बदलून त्याला पुढच्या बाकावर बसवावे, चारचौघांत न रागावता तास संपल्यावर एकट्याला विचारावे, त्याच्या अंगच्या उत्साहाला फळा पुसण्याचे वा वह्या वाटण्याचे काम द्यावे, आणि मोडतोड केली असल्यास ती त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्यावी. तेवढ्यानेही भागले नाही, तर त्याला गृहपाठासह एखाद्या मोकळ्या शिक्षकाजवळ थोडा वेळ बसवावे व शांत होताच वर्गात परत घ्यावे.

अर्थात यासाठी शिक्षकाला सवड हवी. सहावी ते आठवीच्या वर्गांत दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, असे हाच कायदा सांगतो. साठ मुले एका शिक्षकाच्या हवाली करून त्याच्याकडून साने गुरुजींच्या मायेची अपेक्षा करणे हा शिक्षकावरही अन्यायच होय. संस्थाचालकांनी व सरकारने आपले हे कर्तव्य आधी पार पाडावे. आणि पालकांनीही मुलाची तक्रार आली की शिक्षकाशी भांडण्याऐवजी त्याच्याशी दोन शब्द बोलावे.

जो मुलगा आज वर्गाच्या दाराबाहेर उभा आहे, त्याला उद्याचा समाज आपल्या दाराआड घेईल, अशी आशा कोणी बाळगावी?